विहिरीतला चार आण्यांचा हिस्सा

आमच्या कर्जतच्या सोसायटीची सभा म्हणजे एरवी गच्चीची गळती आणि पाण्याचा टँकर या दोनच विषयांची सभा. गेल्या महिन्यात मात्र तिसरा विषय निघाला आणि पहिले दोन मागे पडले. सोसायटीत आता विजेवर चालणाऱ्या सहा मोटारी झाल्या आहेत. कुणी पनवेलहून येतो, कुणी पुण्याहून. पण येतात सगळे तिन्हीसांजेला आणि आल्याआल्या गाडीला वायर लावतात. मग मीटरच्या खोलीत फट्कन आवाज होतो आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते.

यावर उपाय म्हणून एका कंपनीचे दरपत्रक आले. सहाही गाड्यांना वीज वाटून देणारी यंत्रणा. किंमत भारी, आणि पुढे दुसऱ्या कुणाचे यंत्र जोडायचे नाही अशी अट. कारण, 'आमची वीजवाटपाची पद्धत पेटंट घेतलेली आहे.' सेक्रेटरी म्हणाले, ''पेटंट आहे म्हणजे माल चांगलाच असणार.'' मी आयुष्यभर बँकेत लोकांचे कागद तपासले. सवय जात नाही. कंपनीच्या मुलाला विचारले, ''पेटंट नेमके कशाचे? यंत्राचे, की वाटून देण्याचे?'' मुलगा विनयशील होता. म्हणाला, ''काका, सगळ्याचंच.''

ते 'सगळ्याचंच' आठवडाभर माझ्या डोक्यात घुमत राहिले.

वीज आणि वाटप, दोन्ही गोष्टी आमच्या भागाला नव्या नाहीत. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतले पाणी घाटावरून खाली सोडून टाटांनी १९१५ साली खोपोलीला वीज निर्माण केली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवली. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. वीज मुंबईला गेली; पाणी मात्र खाली उरले. खोपोलीचे पाणी पाताळगंगेला मिळाले. भिवपुरीचे पेज नदीत आले आणि राजनाल्याच्या कालव्यातून आमच्याकडच्या उन्हाळी भाताला मिळू लागले. पाणी आले की वाटप आले, आणि वाटप आले की पाळी आली. आज याचे शेत, उद्या त्याचे. पाळी चुकवून कुणी रात्री बांध फोडला तर सकाळी भांडण ठरलेले!

ऐंशीच्या दशकात खोपोलीच्या शाखेत शेती-कर्जाचे टेबल माझ्याकडे होते. सात-बाराच्या उताऱ्यांवर 'विहिरीत चार आणे हिस्सा' अशी नोंद दिसे. नव्याने आलेल्या मला वाटले, विहिरीचे चार तुकडे कसे करणार? एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने समजावले, ''साहेब, पाणी वाटत नाय, वेळ वाटतो.'' चार दिवसांत एक दिवस मोट त्याची. ही रीत कुणी शोधून काढली, असे मी त्यांना विचारले असते तर त्यांनी माझ्याकडे दयेनेच पाहिले असते.

आता गाड्यांकडे येऊ. घरगुती दाबाच्या विजेवर ३२ ॲम्पिअरची एक लाइन असली तर त्यातून साधारण साडेसात किलोवॅट वीज मिळते. एक गाडी असेल तर ती सगळी घेते. दोन आल्या की सोळा-सोळा. ही मर्यादा गाडीला कळते कशी? चार्जिंगच्या केबलमध्ये जाड तारांबरोबर एक बारीक तार असते. तिच्यातून सेकंदाला हजार ठोके जातात. ठोका किती रुंद आहे यावरून गाडी ओळखते की आपल्याला किती ॲम्पिअर घेण्याची मुभा आहे. हे सगळे आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेले आहे. त्याच मानकात सहा ॲम्पिअरच्या खाली हा इशारा देता येत नाही. म्हणजे ३२ ॲम्पिअरमध्ये पाच गाड्या कशाबशा बसतात. सहावी आली की वाट्याला साडेपाचही येत नाहीत. तेव्हा एकीने थांबायचे. थांबायचे म्हणजे काय? पाळी लावायची! म्हाताऱ्याची विहीरच ही. मोटेच्या जागी मोटार आली एवढेच.

मग कायदा काय म्हणतो? आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात कशाला शोध म्हणायचे नाही याची यादी तिसऱ्या कलमात आहे. ठाऊक असलेली साधने नुसती शेजारी शेजारी मांडली आणि प्रत्येक साधन आपापले जुनेच काम करीत राहिले, तर तो शोध नव्हे. २००२ च्या दुरुस्तीने आणखी भर पडली: गणिती किंवा धंद्याची पद्धत, नुसता संगणकाचा प्रोग्रॅम आणि आकडेमोडीची रीत म्हणजे अल्गोरिदम यांनाही पेटंट नाही. 'नुसता' हा शब्द मात्र महत्त्वाचा. फरीद अल्लानी यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले की, प्रोग्रॅम वापरला म्हणून शोध बाद होत नाही. त्यातून तांत्रिक परिणाम घडत असेल तर त्याचा विचार झाला पाहिजे.

त्याच वर्षी अमेरिकेतही नेमका चार्जिंगचाच खटला गाजला. चार्जपॉइंट कंपनीने सेमाकनेक्टवर दावा लावला होता. चार्जिंगची यंत्रे जाळ्याने जोडून दूरून चालू-बंद करणे, विजेची मागणी पाहून पुरवठा कमी-जास्त करणे, असे तिचे चार पेटंटांतले दावे होते. मार्च २०१९ मध्ये अपील न्यायालयाने ते रद्द ठरवले. यंत्र जाळ्याला जोडणे ही कल्पना चांगली असेल, पण ती नुसती कल्पनाच. तिच्यावर हक्क दिला तर बाकीच्यांची वाटच बंद होईल, असा त्याचा मथितार्थ. न्यायालयाने तारायंत्राच्या मोर्सचाही दाखला घेतला. विजेने दूर अंतरावर अक्षरे उमटवण्याची कोणतीही तऱ्हा आपलीच, असा मोर्सचा दावा होता. तो १८५४ मध्येच फेटाळला गेला होता.

म्हणून पेटंट वाईट असे मी म्हणणार नाही. वीस वर्षांच्या मक्तेदारीच्या बदल्यात संशोधकाने आपली कृती उघड करून सांगायची, हा सौदा न्याय्य आहे. केबल किती तापली हे अचूक ओळखणारा स्विच, ऐन वेळी भार पडताना डीपी न उडू देणारे मंडल कुणी नव्याने घडवले, तर त्याला पेटंट जरूर मिळावे. रात्री जागून उपकरण करणाऱ्या पोराचे श्रम मोठ्या कारखान्याने फुकट उचलले, तर दाद कुठे मागायची? पण पाळी लावण्याचा नियम सगळ्यांचा आणि ती पाळी सुखरूप पार पाडणारे कल्पक यंत्र करणाऱ्याचे, ही रेघ पुसली जाता कामा नये. 'सगळ्याचंच' या उत्तरात ती पुसली जाते.

हे लिहिताना मला एक जुनी गोष्ट बोचते. खालापूर तालुक्यातला एक मोटार-वाइंडिंगवाला माझ्याकडे कर्जाला आला होता. एकाच कनेक्शनवर दोन शेतकऱ्यांचे पंप आळीपाळीने चालवणारी लोखंडी पेटी त्याने केली होती. आत जुने टायमर, दोन कॉन्टॅक्टर, बाहेर लाल-हिरवे दिवे. मी म्हणालो, ''आधी पेटंट आणा, मग बघू.'' तो हसला आणि गेला. त्याच्या पेटीला पेटंट मिळाले असते का? बहुधा नाही, ठाऊक साधनांचीच ती जुळणी होती. पण आज ती पेटी किंवा तिचा तारीख घातलेला एखादा कागद कुणाकडे असता, तर 'ही पद्धत आमचीच' म्हणणाऱ्यापुढे ठेवता आला असता. मी तेव्हा अर्जाबरोबर तिचा आराखडासुद्धा ठेवून घेतला नाही.

आपल्या कायद्यात, अर्ज प्रसिद्ध झाल्यावर आणि पेटंट मिळण्यापूर्वी, कोणाही व्यक्तीला लेखी विरोध करता येतो. ही गोष्ट भारतात आधीपासून माहीत होती किंवा वापरात होती, हे त्यासाठी चांगले कारण आहे. मात्र पुरावा लागतो. हळदीचे उदाहरण वाचकांना आठवत असेल. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले. डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि लेख पुढे केले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. 'आमच्या आजीला ठाऊक होते' एवढ्याने भागले नसते.

आणि प्रश्न फक्त आमच्या सहा मोटारींचा नाही. आमच्याच तालुक्यात माथेरान आहे. तिथे माणूस माणसाला ओढत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा देण्यास सांगितले. ज्यांचे खांदे झिजले त्यांच्या हाती हँडल यायचे, तर त्या रिक्षाही रात्री कुठेतरी एका लाइनवर ओळीने लावाव्या लागणार. त्यांच्या रांगेवर कुणी नाममुद्रा ठोकली, तर तिचे भाडे शेवटी त्यांच्याच दिवसाच्या कमाईतून जाणार.

आम्ही कंपनीला पत्र लिहिले आहे: पेटंटचा क्रमांक कळवा आणि तुमचा दावा नेमक्या कोणत्या भागावर आहे ते सांगा. मंजूर पेटंटचा मजकूर कुणालाही वाचता येतो, तेव्हा लपवण्यासारखे काही नसावे. उत्तर येईपर्यंत वॉचमनच्या वहीत पाळ्या लावल्या आहेत. सहावी गाडी माझ्या मुलाची. तिचा नंबर रात्री दोननंतर. मुलगा कुरकुरतो. पण वहीच्या पहिल्या पानावर मी तारीख घातली आहे, आणि खाली सही केली आहे. या वेळी कागद ठेवायला विसरलो नाही.