सेमाडोहला जाताना काय घालावं?

आमच्या कॉलनीतलं एक कुटुंब मागे इटलीला जाऊन आलं. जायच्या आधी महिनाभर त्यांच्या घरात कपड्यांचीच चर्चा. तिकडची माणसं म्हणे कोपऱ्यावर कॉफी प्यायला निघाली तरी नीटनेटकी निघतात. त्यात रोमच्या सेंट पीटर चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, नाहीतर दारातूनच परत. मग नवे बूट आले, ओढण्या आल्या, इस्त्री झाली. मला कौतुक वाटलं. परक्याच्या गावी जाताना माणसाने असाच विचार करावा.

तेच कुटुंब दिवाळीनंतर सेमाडोहला निघालं, तेव्हा मी फाटकाशीच उभा होतो. हाफ पँट, गळा ताणलेले बनियन, रबरी चपला. मी काही विचारलं नव्हतं, तरी गृहस्थ हसून म्हणाले, "सर, जंगलात कोण पाहते?"

मला रागावता आलं नाही. कारण हेच वाक्य मी १९८७ साली स्वतः म्हटलं होतं.

तेव्हा मी परतवाड्याला शिक्षक होतो. वसतिगृहात राहून शिकलेला एक कोरकू मुलगा मला होळीसाठी सेमाडोहला घेऊन गेला. होळी म्हटल्यावर आपण काय करतो? पेटीच्या तळाचे कपडे काढतो. रंगाने खराब झाले तर झाले. मी खिसा उसवलेला बुशशर्ट आणि गुडघ्यावर विटलेली पँट घालून धारणीच्या एस. टी. त बसलो. बायको म्हणाली होती, "अहो, एक बरा सदरा तरी ठेवा पिशवीत." मी उत्तर दिलं ते वर लिहिलंच आहे.

गावात उतरलो आणि चपापलो. कोरकूंची होळी म्हणजे आपली दिवाळी, हे मला पुस्तकात वाचून ठाऊक होतं, पण पाहिलेलं नव्हतं. मजुरीला लांब गेलेली माणसं होळीला घरी परत येतात. पाच-पाच दिवस सण चालतो, रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याकडे फगवा मागतात, पुढे मेघनाथाची जत्रा असते. आणि या सगळ्यासाठी नवे कपडे! पुरुषांच्या अंगात पांढरा सदरा आणि धोतर, डोक्याला फेटा. बायकांची लुगडी घडी मोडलेली त्याच दिवशीची, गळ्यात-हातात चांदी. लहान पोरांच्या केसांनासुद्धा चोपून तेल. त्या सगळ्यांत उसवलेल्या खिशाचा मी एकटा.

मुलाच्या आईने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि हळूच विचारलं, "गुर्जी, घरी काही वाईट झालं काय?"

तिला खरंच काळजी वाटली होती. सणाच्या दिवशी, दुसऱ्याच्या दारी, असा माणूस येतो म्हणजे घरात काहीतरी घडलं असणार. मुलगा तिच्याशी कोरकूत काहीतरी बोलला. त्याने काय सांगितलं हे मी आजवर विचारलेलं नाही. ती आत गेली आणि पेटीतून त्याचाच एक धुतलेला सदरा घेऊन आली. मला तो काखेत घट्ट होत होता. दिवसभर तोच घालून मी हिंडलो. त्या सदऱ्यामागे कुठल्या शेतातली किती दिवसांची मजुरी होती कोण जाणे!

जंगलात फिरताना मळकट हिरवे, खाकी कपडे घाला, असं सांगतात ते योग्यच आहे. मेळघाट १९७४ सालापासून व्याघ्र प्रकल्प आहे, तिथे जिप्सीत बसून भडक कपड्यांनी जनावरं बिचकवू नयेत. पण सफारी सकाळी काही तासांची. उरलेला वेळ आपण सिपनेच्या काठच्या एका गावात असतो. तिथल्या बायका पाण्याला जाताना आपल्या समोरून जातात, म्हातारी माणसं ओट्यावर बसलेली असतात. वाघासाठी आपण कपड्यांचा रंग निवडतो आणि माणसांसाठी साधी बटणंही लावत नाही.

कुणी म्हणेल, गुरुजी, आपण साधी माणसं, गाडगेबाबांच्या वऱ्हाडातली. बाबांच्या अंगावर चिंध्या होत्या हे खरं, पण ते गावात शिरले की हातातल्या खराट्याने आधी गाव झाडून काढत. आपण मात्र वेफर्सची पाकिटं टाकून येतो. तेव्हा बाबांचं नाव इथे नको.

जमलं तर दिवाळीनंतरच्या आठवड्यात तिकडचा घुंगरू बाजार पाहा. वर्षभर गुरांमागे फिरणारे थाट्या धोतर, तुरेवाली पगडी, घुंगरू आणि बासरी अशा थाटात बाजारात नाचायला उतरतात. त्यांच्या शेजारी आपल्या हाफ पँटीतला फोटो कसा दिसेल, तेवढं मनाशी बघून घ्या.

तो विद्यार्थी आता स्वतः आजोबा झालाय. यंदाच्या होळीला फोन करून त्याने पुन्हा बोलावलंय. मुलगा म्हणतो, "बाबा, जुनेच कपडे न्या." पांढरा सदरा आणि धोतर मी कालच इस्त्रीला टाकलंय. त्याच्यासाठीही एक सदरा घेतलाय, यावेळी माप विचारून.