पोचट किरण

मागल्या दिवाळीत शिरपूरला गेलो, तो आत्याबाईंचा हात गळ्यात अडकवलेला! अंगणात पाय घसरला होता. क्ष-किरणांचा फोटो निघाला होता, हाडाला नुसती चीर होती. पण त्यांचे मन थाऱ्यावर नव्हते. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “भाऊ, त्या किरणं मन्हा आंगमा राहतीन का रे?”

दिवा मालवल्यावर उजेड खोलीत उरतो का, असे विचारून मी मोकळा झालो. पण प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही.

यंत्राला 80 किलोव्होल्ट दिले म्हणजे सारे किरण 80 च्याच जोराचे, अशी आपली समजूत. वस्तुतः 80 ही नुसती वरची हद्द. इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आदळले की हलके, मध्यम, जोरकस असे सगळेच किरण निघतात. 59 आणि 67 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास टंगस्टनचे खास किरण तेवढे उठून दिसतात. खळ्यावरच्या राशीत भरला दाणा, पोचट दाणा नि भुसा असतो ना, तसेच. यांतले पोचट किरण कातडीतच अडकतात. चित्राला त्यांचा उपयोग नाही. रोग्याच्या अंगी मात्र किरणांची मात्रा जमा! म्हणून नळीच्या तोंडाशी निदान अडीच मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचा अडसर असावा लागतो. तो पाखडण्याचे काम करतो.

अडसर पुरेसा आहे की नाही, हे फोटो पाहून कळत नाही. हाड तर दिसतेच. मोजावेच लागते.

प्रयोगशाळेत कॅडमियम टेल्युराइडचा स्फटिक येणाऱ्या प्रत्येक किरणाचा जोर वेगळा नोंदतो. अडचण गर्दीची. दोन किरण एकदम शिरले, तर तीस-तीसचे दोघे मिळून साठाचा एकच गडी नोंदला जातो! दिवाळीत शिरपूरच्या स्टँडवर धुळे गाडीच्या कंडक्टरला विचारा. म्हणून स्फटिक दूर ठेवून पुढे टाचणीएवढ्या भोकाचा जाड धातू लावतात.

तालुक्याच्या गावी एवढा थाट कुठला? तिथे मापक ठेवून मध्ये अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे एकेक वाढवीत जातात आणि तीव्रता निम्मी केव्हा होते ते पाहतात. 80 किलोव्होल्टला अडीच-तीन मिलिमीटर लागले तर ठीक. दीडातच निम्मी झाली, तर पाखडण कच्चे. 1983 साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार अशी तपासणी दर दोन वर्षांनी करावी लागते.

हे सारे आत्याबाईंना खळ्याच्या भाषेत सांगितले. पुढल्या खेपेला हात दाखवायला गेलो, तर त्यांनी आधी यंत्रावरच्या पोराला गाठले.

“भाऊ, पत्रा लायेल शे ना?”

पोरगा हसला आणि त्याने खणातून तपासणीचा कागद काढून त्यांच्यापुढे धरला. आत्याबाईंनी चष्मा मागितला.