पडद्यावरचा घाट आणि आरेचा रस्ता

दिवाळीच्या किल्ल्याला कोणी जाब विचारीत नाही. महादरवाज्यापेक्षा मावळा उंच असतो, बालेकिल्ल्याची वाट घराच्या भिंतीसारखी उभी असते, आणि तळ्यात, म्हणजे मातीत पुरलेल्या वाटीत, तोफांसह गलबत उभे असते. तरीही येणारा-जाणारा "छान झालाय हं!" म्हणून पुढे जातो. किल्ला बघायचा असतो, चढायचा नसतो, हे तो करणाऱ्या पोरांनाही ठाऊक असते.

उपनगरांतल्या आमच्या सोसायट्यांतून आता किल्ल्यापुरतीसुद्धा माती मिळत नाही. आवारात फरशी, फरशीवर मोटारी. तेव्हा सुटीत जी बोटे मातीत असावयाची, ती आता पडद्यावर असतात. आणि पडद्यावर बहुधा मोटारींची शर्यत चाललेली असते. मुलुंडचा आमचा भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो व त्याचे मित्र या शर्यतींच्या मार्गांबद्दल इतक्या गांभीर्याने वाद घालतात की ऐकणाऱ्याला वाटावे, महापालिकेची निविदा निघाली आहे. त्यांचा प्रश्न असा की, खेळातले हे कल्पित रस्ते उद्या खरोखर बांधले, तर त्यांवर शर्यत होईल काय? प्रश्न वरवर पोरकट आहे. पण थोडे खोल गेल्यावर तो आपल्या दाराशी येऊन उभा राहतो, म्हणून त्याला येथे जागा देतो.

या खेळांपैकी एक नामांकित खेळ म्हणजे 'ग्रान टुरिस्मो'. जपानात १९९७ च्या डिसेंबरात तो प्रथम विक्रीस आला. त्यात 'ट्रायल माउंटन' नावाचा डोंगरातला मार्ग आहे आणि 'डीप फॉरेस्ट' नावाचा रानातला. दोन्ही कल्पित. रस्त्याच्या कडेलाच कातळ, माथ्यावर झाडांची कमान, मधूनच बोगदा. भाच्याने तो दाखवला तेव्हा खंडाळ्याचा घाट आठवला. मोहक आहे यात शंका नाही. दुसरा 'मारिओ कार्ट'; त्यात १९९२ पासून इंद्रधनुष्याचाच एक रस्ता आहे, अधांतरी, आणि कठडा असला तर असला. पडलात की एक ढग येऊन उचलतो आणि पुन्हा रस्त्यावर ठेवतो. हा ढग वाचकांनी लक्षात ठेवावा.

प्रथम वाटते की अडचण पदार्थविज्ञानाची असावी. उभ्या भिंतीवर मोटार चालेल कशी? पण जत्रेतला 'मौत का कुआँ' पाहिलेल्या माणसाने हा प्रश्न विचारू नये. फळ्यांच्या त्या विहिरीत एक किडकिडीत इसम हात सोडून फटफटी फिरवतो, आणि वर कडेला उभी असलेली मंडळी दहाची नोट पुढे करतात, ती तो जाता जाता टिपतो. आमच्या कॉलेजातील पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्यांनी चहा निवायच्या आत याचे गणित करून दिले. विहीर दहा मीटर व्यासाची धरली आणि टायरांची पकड बरी धरली, तर ताशी तीस किलोमीटरांच्या आसपास वेग पुरतो. म्हणजे रिकाम्या रस्त्यावर बेस्टची बस जाते तेवढाच! २०१५ साली फ्रँकफुर्टला एका कंपनीने एकोणीस मीटर उंचीच्या उभ्या वर्तुळातून खरी मोटार फिरवून दाखवली. २०२५ मध्ये इंग्लंडातल्या मॅकमर्ट्री नावाच्या छोट्या मोटारीने पंख्यांच्या शोषणाच्या बळावर काही क्षण छताला चिकटावे तशी उलटी चाल करून दाखवली. तेव्हा मोटार कोठे चालेल, याला मर्यादा फारशा नाहीत. चालता चालता चुकली तर काय, इथे खरी मेख आहे.

जगातील मोटारशर्यतींचे नियम करणारी संस्था पॅरिसची. तिच्या नियमांत रस्त्याविषयी जे आहे ते आपल्या अपेक्षेइतकेच आहे: नव्या मार्गाची रुंदी निदान बारा मीटर असावी, सरळ भाग शक्यतो दोन किलोमीटरांहून लांब नसावा, शर्यत सुरू होते तेथे चढउतार अगदी अल्प असावा. ट्रायल माउंटनची डागडुजी करून या परीक्षेत त्याला काठावर पास करता येईल. पण नियमांचा मोठा भाग रस्त्याविषयी नाहीच. तो रस्त्याच्या कडेविषयी आहे. वळणाच्या बाहेर मोकळी जागा किती, तिच्यात खडी की डांबर, त्यापलीकडे टायरांची भिंत किती थरांची, त्यामागे जाळी किती उंच, निशाणवाल्याने उभे कोठे राहावे, रुग्णवाहिका कोणत्या दाराने आत यावी. खेळातल्या मार्गाच्या आराखड्यात यातले काही नसते, कारण त्याची गरज नसते. तेथे ढग असतो.

ही मोकळी जागा किती हवी, याचे गणित साधे आहे आणि ते प्रत्येक घरात ठाऊक असावे. कोरड्या रस्त्यावर ताशी साठच्या वेगाने जाणारी मोटार ब्रेक लागल्यापासून साधारण वीस मीटरांत थांबते. वेग दुप्पट केला तर अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. एकशेवीसला ऐंशी मीटर लागतात. शिवाय पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद वेगळाच; तेवढ्यात आणखी तेहेतीस मीटर गेलेले असतात. ट्रायल माउंटनवर गाड्या याहून किती तरी वेगाने जातात, आणि कातळ रस्त्यापासून हातभर.

कातळ नको, भिंत नको, उलट रस्ताच कलता करून वेग वाढवू, असा डाव खऱ्या जगातही खेळून झाला आहे. बर्लिनजवळ आव्हुस नावाचा मार्ग होता. तो १९२१ साली सुरू झाला. आपल्या पश्चिम द्रुतगती महामार्गाचे दोन हात डोळ्यांसमोर आणा, एक जाणारा, एक येणारा, ते दोन्ही टोकांना वळवून जोडा, झाला आव्हुस. कोणा पोराने पाटीवर काढावा इतका सोपा. १९३७ मध्ये उत्तरेकडचे वळण त्रेचाळीस अंशांनी कलते, विटांचे बांधले गेले, आणि त्याच वर्षी विजेत्याची सरासरी ताशी २६० किलोमीटरांवर गेली. त्या वळणाच्या वरच्या कडेला कठडा नव्हता. लोक त्याला मृत्यूची भिंत म्हणत. आपल्या जत्रेतल्या विहिरीचेच नाव. १ ऑगस्ट १९५९ रोजी पावसात ज्याँ बेहरा या फ्रेंच चालकाची पोर्शे घसरत वर गेली आणि कडेपलीकडे गेली. तो वाचला नाही. १९६७ साली ते वळण पाडून टाकले. तेथून आता वाहने जातात ती रहदारीची.

त्याहून अलीकडची एक हकीकत आहे आणि ती आमच्या भाच्याच्या पिढीला अधिक जवळची आहे. यान मार्डनबरो हा ब्रिटिश तरुण ग्रान टुरिस्मो खेळत मोठा झाला. २०११ साली त्या खेळाच्याच स्पर्धेत तो पहिला आला आणि बक्षीस म्हणून खऱ्या शर्यतीच्या मोटारीत बसला. त्याच्यावर २०२३ साली चित्रपट निघाला. पोरांनी तो दोनदोनदा पाहिला. त्याला गाडी येत होती, हे निर्विवाद. पडद्यावर शिकलेले हात खऱ्या चाकावर चालतात, हे त्याने दाखवून दिले. पण २८ मार्च २०१५ रोजी जर्मनीत न्युर्बुर्गरिंगच्या जुन्या मार्गावर, एका उंचवट्यावर, त्याच्या मोटारीचे तोंड वाऱ्याने उचलले गेले. मोटार उभी राहिली, उडाली आणि जाळी ओलांडून गेली. तो जगला. पलीकडे उभा असलेला एक प्रेक्षक गेला. हा वीस किलोमीटरांहून लांब मार्ग खेळातही हुबेहूब आहे, तो उंचवटाही आहे. खेळात जाळीपलीकडे उभी असतात ती चित्रे.

म्हणूनच की काय, जगातले पुष्कळ शर्यतमार्ग रमणीय जागी नसून बोडक्या माळावर असतात. इंग्लंडातला सिल्व्हरस्टोन हा महायुद्धातला विमानतळ. जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत तेथेच १९५० च्या मे महिन्यात झाली. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमला तेच झाले. युद्धकाळातल्या धावपट्टीवर वर्षानुवर्षे मोटारी धावल्या आणि पुढे १९९० साली श्रीपेरुंबुदूरजवळ खास मार्ग बांधला गेला. धावपट्टीला शोभा नसते, पण दोन्ही अंगांना रिकामे असते. आमच्या पश्चिम उपनगरांत तशी जागा एकच, जुहूची. जेथे १९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले. आता तिच्या चहूअंगांनी इमारती आहेत आणि आत हेलिकॉप्टरे.

शहरातल्या रस्त्यांवर शर्यत होतच नाही असे नव्हे. २०२३ च्या फेब्रुवारीत हैदराबादला हुसेनसागराकाठी विजेच्या मोटारींची झाली, २०२४ च्या ऑगस्टअखेर चेन्नईला रात्री दिव्यांत झाली. पण त्यासाठी रहदारी बंद ठेवून अख्ख्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचे ठोकळे व जाळ्या उभ्या कराव्या लागतात. अमेरिकेतल्या लास व्हेगासला २०२३ च्या नोव्हेंबरात एवढे सर्व करूनही पहिला सराव दहा मिनिटांच्या आतच थांबला. शर्यतीच्या मोटारीच्या पोटाखाली हवेचे जे शोषण होते, त्याने रस्त्यातले पाण्याच्या व्हॉल्व्हचे झाकण उचलले गेले आणि ते फेरारीच्या बुडाला लागले. मुंबईकराला ही बातमी वाचून परदेशाविषयी प्रथमच आपलेपणा वाटला असेल! आमच्याकडे झाकणे उचलायला फेरारी लागत नाही.

आता भाच्याचा आराखडा. त्याने उपनगराचा एक मार्ग काढला आहे: गोरेगावहून आरेच्या रस्त्याने पवई, तेथून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने परत पश्चिमेला, आणि द्रुतगती महामार्गाने पुन्हा गोरेगाव. अंदाजे पंधरा किलोमीटर. आरेचा भाग हाच त्याचा डीप फॉरेस्ट: वळणे, चढउतार, रस्त्यावर वाकलेली झाडे. आमची पिढी छोटा काश्मीरला सहलीला जायची ती याच वाटेने. खेळातला मार्ग म्हणून हा पहिल्या नंबराचा होईल, यात मला संशय नाही.

खरा करावयाचा म्हटले की जोडरस्ता तेथेच बाद होतो. मेट्रोचे खांब मधोमध आहेत. उरला आरेचा रस्ता, सात किलोमीटरांच्या आसपास. त्याच्या दोन्ही कडांना फक्त तीस-तीस मीटर मोकळे करावयाचे ठरवले, आणि तीस मीटर म्हणजे कंजूषपणाच, तरी बेचाळीस हेक्टर जमीन उघडी करावी लागते. मेट्रोच्या कारशेडला तेहेतीस हेक्टर लागली होती. तिच्यासाठी २०१९ च्या ऑक्टोबरात रातोरात दोन हजारांवर झाडे पडली, तेव्हा या उपनगरांत काय झाले ते वाचकांना सांगावयास नको. आणि आरेत नुसती झाडे नाहीत. १९५१ साली नेहरूंच्या हस्ते दुग्धवसाहत सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीपासून तेथे वारल्यांचे पाडे आहेत. केलटीपाडा, खांबाचा पाडा, चाफ्याचा पाडा, जिवाचा पाडा, मरोशीपाडा. सगळे मिळून सत्तावीस म्हणतात. रात्री बिबट्या रस्ता ओलांडतो तो वेगळाच. हे सर्व हलवून जे उरेल ते दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटसारखे दिसेल: निर्दोष, रुंद, उघडे. त्याला डीप फॉरेस्ट कोण म्हणेल?

खुद्द खेळ करणाऱ्यांनाही हे उमगलेले दिसते. ग्रान टुरिस्मोच्या २०२२ च्या आवृत्तीत त्यांनी ट्रायल माउंटन नव्याने आखला. पूर्वी जेमतेम चार किलोमीटरांचा होता, तो पाचाच्या वर गेला आणि कडाही पुष्कळ रुंदावल्या. खऱ्याच्या जवळ आला, आणि त्याच कारणाने भाच्याच्या मनातून उतरला. "मामा, पूर्वी भीती वाटायची," तो म्हणाला.

ती भीती फुकटात मिळवण्याचा एक मार्ग मात्र या उपनगरांत रोज रात्री चालू असतो. मध्यरात्रीनंतर द्रुतगती महामार्गाजवळ राहणाऱ्यांना तो ऐकू येतो. पोलीस अधूनमधून पोरांना पकडतात, वाहने जप्त करतात; दोन रात्री शांतता, तिसऱ्या रात्री पुन्हा फटफट्या. त्या पोरांच्या हातात कौशल्य नसते असे नाही. काहींच्या हातात चांगलेच असते. पण त्यांच्या कडेला दुभाजक असतो, दिव्याचा खांब असतो, आणि बसथांब्यावर पहिल्या पाळीला निघालेला माणूस उभा असतो. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे सांगतो तेव्हा ते मान डोलावतात. एकशेवीसला ऐंशी मीटर, हे फळ्यावर लिहून दाखवले की डोलावणे थांबते, आणि कोणी तरी विचारतो, पावसात किती? पावसात याहून बरेच अधिक.

ज्यांना खरोखरच चालवावयाचे आहे त्यांच्यासाठी महाराष्ट्रात जागा नाही असे नाही. कोल्हापुरात मोहित्यांचा कार्टिंगचा ट्रॅक आहे. त्याच कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक पुढे ब्रिटनमधल्या फॉर्म्युला थ्रीच्या शर्यतींत उतरला. कार्ट म्हणजे चार चाकांचा पाटच. जमिनीपासून वीतभर उंच, त्यामुळे ताशी साठचा वेगसुद्धा शंभरासारखा भासतो. डोक्याला हेल्मेट, कडेला टायरांचे ढीग. चुकलात की टायरांत जाऊन बसायचे आणि माणूस येऊन ढकलून देईपर्यंत थांबायचे. भाच्याने आईकडे परवानगी मागितली आहे. बोरिवलीहून कोल्हापूरला रात्रीच्या बसगाड्या आहेत; दिवाळीच्या सुटीत तिकिटे मात्र आधी काढावी लागतात.