आधी गळतीचे मूळ शोधावे

वळवाच्या वादळात चाकूर तालुक्यातील एखाद्या गावी बाभूळ किंवा कडुनिंब वाटेवर आडवा झाला, म्हणजे सर्वांना गावातील साखळी-करवतीची आठवण होते. नेमकी त्याच वेळी ती जुनी करवत तेलाने माखलेली आढळते. मग टाकी फुटली असे समजून कोणी वेल्डिंगवाल्याकडे धाव घेतो, तर कोणी गळतीकडे दुर्लक्ष करून जळके इंजिन-तेल ओतीत राहतो. हे दोन्ही मार्ग हानिकारक होत.

या करवतीस दोन टाक्या असतात. एकीत तेल मिसळलेले पेट्रोल, तर दुसरीत साखळीचे वंगण असते. पेट्रोल गळत असल्यास यंत्र मुळीच सुरू करू नये. वंगणाच्या गळतीत मात्र पुष्कळदा टाकी निर्दोष असते. झाकणाचे रबरी कडे झिजलेले असते, किंवा टाकीतून पंपाकडे जाणारी नळी जुनी होऊन चिरलेली असते.

यासाठी परीक्षा सोपी आहे. यंत्र थंड झाल्यावर हातमोजे घालून साखळी व पाते काढावे आणि भुसा पुसून घ्यावा. टाकी भरून यंत्र कोऱ्या कागदावर रात्रभर ठेवावे. तेल ओघळून तळाशी येते. म्हणून केवळ कागदावरील डाग न पाहता ओलाव्याचा माग वरपर्यंत काढावा. माग झाकणाशी थांबला तर कडे बदलावे, नळीशी थांबला तर नळी बदलावी. काम संपल्यावर पात्यावरून थोडे तेल निथळते, ती गळती नव्हे.

टाकीलाच बारीक चीर असेल तर दोन्ही टाक्या रिकाम्या कराव्यात. चिरेची जागा तेलरहित व कोरडी करून काचकागदाने घासावी. मग तेलाला टिकणारा, दोन भाग मिसळून तयार होणारा इपॉक्सी डिंक भरावा आणि २४ तास वाळू द्यावा. वेल्डिंग कदापि करू नये. शेजारच्या टाकीत पेट्रोलची वाफ उरलेली असते. शिवाय कित्येक यंत्रांचा सांगाडा प्लास्टिकचा किंवा मॅग्नेशियमचा असतो. मॅग्नेशियम पेटल्यास पाण्यानेही विझत नाही, उलट भडकते.

जुन्या यंत्रावर खर्च कशाला, असा प्रश्न केला जातो. परंतु येथे प्रश्न सांडलेल्या तेलाचा नाही. वंगणाविना साखळी तापते, ताणली जाते, पाते झिजते आणि साखळी तुटल्यास कापणाराच्या जिवावर बेतते. जळक्या तेलातील कचऱ्याने पंपही निकामी होतो. साखळीचा ब्रेक चालत नसेल, तर तो दुरुस्त झाल्याशिवाय ते यंत्र वापरू नये. परंतु केवळ एका नळीपायी चांगले यंत्र अडगळीत टाकणे शहाणपणाचे नव्हे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी चैत्रातच एक दिवस ठरवून गावातील करवतींची ही परीक्षा शेतकरी बंधूंकडून करवून घ्यावी. झाड पडल्यावर दुरुस्तीला सवड मिळत नसते.