सुरा मुलाचा, बुलडोझर घरमालकावर

16 ऑगस्ट 2024. उदयपूरच्या एका सरकारी शाळेत दहावीतल्या मुलाने वर्गमित्राला सुऱ्याने भोसकलं. तीन दिवसांनी तो वर्गमित्र रुग्णालयात मरण पावला. हा गुन्हा कुठल्याही सबबीने हलका होत नाही. मारणारा मुसलमान होता, म्हणून हे वाक्य मला आधीच लिहावं लागतं. नाही तर पुढचं कुणी वाचत नाही.

दुसऱ्याच दिवशी प्रशासनाने आरोपीचं कुटुंब राहत होतं ते घर पाडलं. कारण दिलं वनजमिनीवरच्या अतिक्रमणाचं. अतिक्रमण असेलही, पण शुक्रवारी सुरा चालला आणि शनिवारीच ते दिसलं? त्यात घर भाड्याचं! भाडेकरूच्या पोराने गुन्हा केला आणि छप्पर गेलं घरमालकाचं. सुप्रीम कोर्टापर्यंत धाव घ्यावी लागली ती त्याला. 13 नोव्हेंबर 2024 रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी बुलडोझर प्रकरणांत निकाल दिला. प्रशासनाने न्यायाधीश बनू नये, 15 दिवसांची नोटीस दिल्याशिवाय घर पाडू नये, एकावरच्या आरोपापायी अख्ख्या कुटुंबाला शिक्षा देऊ नये. हे सांगायला सुप्रीम कोर्ट लागावं?

मुलासाठी कायदा आहेच. 2015 च्या बालन्याय कायद्यानुसार सोळाखालच्या मुलाला जास्तीत जास्त 3 वर्षं विशेष गृहात ठेवता येतं. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर खुनासारखा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ आधी त्याची समज तपासतं, मग प्रौढ म्हणून खटला चालवायचा का ते ठरतं. ज्यांना हे कमी वाटतं त्यांनी कायदा बदलून घ्यावा. जेसीबीचा चालक म्हणजे मंडळ नव्हे.

आता शाळांकडे येतो. उदयपूरनंतर राजस्थानच्या शिक्षण खात्याने शाळेत धारदार वस्तू आणायला बंदी केली. बंदी हवीच. पण बंदी मोडणाऱ्याचं काय करायचं? आपल्याकडे ठरलेलं उत्तर असतं: दाखला हातात द्या, कटकट मिटली. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याचं कलम 16 सांगतं. बीएडला आपण सगळ्यांनी ते पाठ केलेलं असतं. आणि दाखला घेऊन गेलेला मुलगा सुरा काही शाळेत ठेवून जात नाही.

पेन्सिल तासायचं ब्लेड आणि कमरेला खोचलेला रामपुरी एकाच मापाने मोजू नका. वस्तू जप्त करा, पालकांना बोलवा, लेखी नोंद ठेवा. मुलाला विचारा, का आणलास? मोठ्या पोरांच्या माराला घाबरून चाकू बाळगणारा वेगळा आणि धाक दाखवायला आणणारा वेगळा. पहिल्याला संरक्षण द्या. दुसऱ्याला काही दिवस वर्गाबाहेर बसवा, पण शाळेतच, अभ्यास देऊन. कुणावर उगारला असेल तर पोलिसांना कळवा. प्रत्येक ठाण्यात मुलांसाठी नेमलेला बाल कल्याण पोलीस अधिकारी असायला हवा, त्यालाच बोलवा.

आणि नाव बघून शिक्षा ठरवू नका. समीरच्या खिशात चाकू सापडला की खोड्या आणि सलीमच्या खिशात सापडला की गुन्हेगारी वृत्ती, असले शेरे आता बंद करा. दप्तरं तपासायची तर सगळ्या वर्गांची तपासा. उर्दूच्या तुकडीपासून सुरू करून तिथेच थांबू नका.