तेंडुलकरांना कोणी शिकवले होते?

आपल्या मंडळींना एक वाक्य फार प्रिय आहे : ‘लेखन उपजत असते, ते महाविद्यालयात शिकवता येत नाही.’ नातवाने नाट्यलेखन वा पटकथालेखनाचा अभ्यासक्रम निवडला की हेच ऐकवले जाते. दाखला हमखास विजय तेंडुलकरांचा. त्यांनी १९४२ च्या चळवळीत शाळा सोडली, हे खरे. परंतु पुढे ‘रंगायन’च्या तालमींत संवाद नटाच्या तोंडी कोठे बसतो, कोठे अडतो, हे त्यांना जवळून पाहता आले. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली त्याच संस्थेने रंगभूमीवर आणले. याला शिक्षण म्हणायचे नाही, तर कशाला?

मुलीला गाण्यासाठी दहा वर्षे गुरूकडे धाडणारे आपणच. फार काय, साधी सरकारी टिपणी लिहायलाही नव्या लिपिकाला मी वर्षभर शिकवीत असे! मग दृश्य कोठे तोडावे, पात्राने न बोलता काय सांगावे, हे तेवढे आपोआप यावे?

आक्षेप घ्यायचाच तर नटांविना, प्रयोगाविना, निव्वळ व्याख्यानांवर परीक्षा उरकणाऱ्या अभ्यासक्रमांवर घ्यावा. पुण्या-मुंबईच्या मुलाला संध्याकाळी एखादी तालीम सापडते. बडोद्या-इंदुरातल्या आपल्या नातवंडांना मराठी तालीम कितीशी सापडणार? प्रवेश-अर्जावर सही करताना हात आखडण्याआधी एवढे तरी पाहावे.