विश्लेषण : मुंबईत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ दोन शतकांनंतरही तरंगते, ‘विक्रांत’ मात्र भंगारात का गेली?

मुंबईच्या गोदीत १८१७ मध्ये बांधलेली ब्रिटिश शाही नौदलाची ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल बंदरात तरंगते आहे. याउलट ब्रिटनमध्ये बांधलेली भारताची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ मुंबईतच मोडीत काढली गेली. असे का झाले?

ब्रिटिशांनी युद्धनौका मुंबईत का बांधली?

नेपोलियनविरुद्धच्या युद्धांमुळे ब्रिटनमध्ये ओकच्या लाकडाची टंचाई होती. मुंबईत मलबारचे सागवान होते आणि वाडिया घराण्याचे कसबही. जमशेदजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ही नौका तयार झाली. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी तिचे जलावतरण झाले.

ती इतकी कशी टिकली?

सागवानातील नैसर्गिक तेलामुळे ते सहजासहजी कुजत नाही. पण केवळ लाकडामुळे नौका वाचली नाही. १८९७ मध्ये ती भंगारात विकली गेली होती. जॉर्ज व्हीटली कॉब यांनी ती विकत घेऊन ‘फूद्रॉयां’ या नावाने प्रशिक्षण नौका केली. १९८६ पर्यंत ती वापरात राहिली, त्यामुळे डागडुजीही होत राहिली.

जीर्णोद्धार कसा झाला?

१९८७ मध्ये तिला हार्टलपूलला आणले गेले. १९९० ते २००१ अशी अकरा वर्षे काम चालले. १९९२ मध्ये तिला मूळ नाव परत मिळाले. सागवानी सांगाड्याचा मोठा भाग आजही मुंबईचाच आहे. आता ती तेथील नौदल संग्रहालयाचे मुख्य आकर्षण आहे.

‘विक्रांत’चे काय झाले?

१९७१ च्या युद्धात पराक्रम गाजवणारी ‘विक्रांत’ ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. काही वर्षे ती मुंबईत संग्रहालय म्हणून खुली होती. सुरक्षेच्या कारणावरून २०१२ मध्ये ते बंद झाले. पोलादी सांगाड्याला गंज चढत होता. कायमस्वरूपी संग्रहालय आर्थिकदृष्ट्या परवडणार नाही, अशी भूमिका राज्य सरकारने घेतली. २०१४ मध्ये सुमारे ६० कोटी रुपयांना लिलाव झाला. सर्वोच्च न्यायालयाने हिरवा कंदील दाखवल्यावर दारूखान्यात ती तोडण्यात आली.

यातून धडा काय?

नौका वाचवायची तर कायमचा धक्का, दरवर्षीचा देखभाल खर्च आणि जबाबदार संस्था या तीन गोष्टी निवृत्तीपूर्वीच ठराव्या लागतात. ‘ट्रिंकोमाली’ला दोनदा वाली मिळाला. ‘विक्रांत’च्या बाबतीत निवृत्तीनंतरची सतरा वर्षे निर्णयाविनाच गेली.